जुन्या थंडरबर्डला टायर: १२०/८० च ठेवावा की १३० घालावा?

रंकाळा_संध्याकाळ
गाडी रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, २०१३ची. स्पोकच्या रिंगा, ट्यूबवाले टायर. पुढे ९०/९०-१९, मागे १२०/८०-१८. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, नक्षी झीज दाखवणाऱ्या गाठीला टेकली आहे. पुढच्याची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, पण बाजूला केसासारख्या भेगा दिसतात. त्यावरचा कोड १८१७.
वापर असा: आठवडाभर कोल्हापूर शहरात, महिन्यातून दोनदा गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट, वर्षातून दोन लांबच्या फेऱ्या. बहुतेक वेळा मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा.
प्रश्न:
१) दुकानदार म्हणतो मागे १३०/८०-१८ घाला, गाडी रस्ता धरून बसेल. घालू का?
२) पुढचा आत्ताच बदलू की अजून एक पावसाळा काढू?
३) स्पोकच्या रिंगेला ट्यूबलेस करून देणारे भेटलेत. करावं का?
४) कंपनी कुठली?

उद्यमनगरी
चौथा प्रश्न शेवटी ठेवलात हे बरं केलंत, त्याचं महत्त्वही तेवढंच आहे.
आधी पुढचा टायर. १८१७ म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा, एप्रिलअखेर ते मेची सुरुवात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. हा टायर कितीही कमी फिरला असला तरी म्हातारा झाला. रबर मऊ ठेवणारी तेलं हळूहळू निघून जातात, ऊन आणि हवेतला ओझोन बाजूच्या रबराला खातो, त्याच त्या केसासारख्या भेगा. नक्षी खोल दिसते म्हणून आपण फसतो. कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही. ओल्या डांबरावर मात्र कडक पडलेलं रबर खडीच्या बारीक उंचवट्यांत शिरत नाही, वरून सरकतं.
अंगठ्याचं नख दाबून बघा. नव्या टायरवर नखाची खूण क्षणभर राहते, कडक झालेल्यावर नख नुसतं घसरतं. कुणाकडे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र असेल तर उत्तमच: नवा टायर साधारण ५५ ते ६५ शोर दाखवतो, ७५ च्या वर गेला की पावसात त्याचा भरवसा धरू नका.
मागचं चाक सरकलं तर बऱ्याचदा गाडी सावरता येते, पुढचं सरकलं की संपलं. तेव्हा एकच बदलायची वेळ आली तर पुढचा आधी. तुमच्या बाबतीत दोन्ही.

तांबडा_पांढरा
१३० चा नाद सोडा राव. दुकानात १३० पडून हाय म्हणून तुमच्या गाडीला १३० बसतोय, एवढंच.

गणिती_गियर
तांबडा_पांढरा बरोबर बोलतोय, पण आकडे मांडतो म्हणजे दुकानदाराला दाखवता येतील.
टायरवरचं १२०/८०-१८ असं वाचायचं: रुंदी १२० मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे ९६ मिमी, रिंग १८ इंची. एक इंच २५.४ मिमी, म्हणजे रिंग ४५७.२ मिमी. पूर्ण व्यास ४५७.२ अधिक दोनदा ९६, बरोबर ६४९.२.
याच हिशेबाने:
१३०/८०-१८ — ६६५.२ मिमी
१३०/७०-१८ — ६३९.२ मिमी
११०/९०-१८ — ६५५.२ मिमी
९०/९०-१९ (तुमचा पुढचा) — ६४४.६ मिमी
१००/९०-१९ — ६६२.६ मिमी
१३०/८० घातला तर व्यास १६ मिमीने वाढतो. गाडीची मागची बाजू ८ मिमीने उचलली जाते. घेर अडीच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) थोडं लहान केल्यासारखं होतं. आधीच जड गाडी, मागे माणूस, वर गगनबावड्याचा चढ. तिसऱ्यात जिथे चढत होती तिथे दुसरा टाकावा लागेल. रुंदी दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी वाढते ती वेगळीच. एका बाजूला चेन आहे, समोर स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) आडवा दांडा, वर मडगार्ड. उभ्या गाडीवर बोटभर जागा दिसते, पण सस्पेन्शन दबल्यावर आणि वेगात टायर फुगल्यावर तेवढी राहत नाही. चेन ताणायला चाक मागे सरकवलेलं असेल तेव्हा सगळं ठीक वाटतं. नवी चेन टाकली की चाक पुढे येतं आणि मग टायर घासायला लागतो.
पुढे १००/९०-१९ घालायचा सल्लाही फिरतोय, त्याचाही हिशेब बघा. घेर २.८ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८२ ला असेल, आणि ओडोमीटर किलोमीटर कमी मोजेल.

उद्यमनगरी
यात रिंगेचा मुद्दा राहिला, आणि खरी गोम तिथेच आहे.
रिंगेच्या रुंदीचा आकडा रिंगेवरच ठोकलेला असतो, बहुधा वॉल्व्हच्या भोकाजवळ: १.८५, २.१५, २.५० असा काहीतरी. डब्ल्यूएम२ म्हणजे १.८५ इंच, डब्ल्यूएम३ म्हणजे २.१५. १३०/८० ची घडण साधारण तीन इंची रिंग धरून केलेली असते. तो अरुंद रिंगेवर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा उंच, टोकदार होतो. मग सरळ रस्त्यावर जमिनीला टेकणारा पट्टा उलट अरुंदच होतो. म्हणजे रुंद टायरचे पैसे देऊन कमी पकड विकत घ्यायची. वळणावर गाडी एकदम कलते आणि मध्येच अडल्यासारखी वाटते. मागून बघणाऱ्याला टायर जाडजूड दिसतो, तेवढाच काय तो फायदा.
रिंगेवर आकडा दिसेना तर टायर काढल्यावर दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. बाहेरून बाहेर मोजाल तर चूक होईल.

भुईबावडा
मागे ११०/९०-१८ चालेल का, हे पुढचा कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. व्यासात फरक फक्त ६ मिमी, एक टक्काही नाही. अरुंद रिंगेवर तो नीट बसतो. हव्या त्या मापाचा टायर मिळत नसेल तर हा पर्याय ठीक, फक्त भाराचा आकडा तपासून घ्या.

गणिती_गियर
भाराचा आकडा म्हणजे मापापुढे येणारा ६२पी, ५२पी. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं.
५२ — २०० किलो
५६ — २२४ किलो
६० — २५० किलो
६१ — २५७ किलो
६२ — २६५ किलो
अक्षरं: एम १३०, पी १५०, एस १८०, एच २१० किमी ताशी.
आता तुमची गाडी. भरलेल्या टाकीसकट साधारण १९२ किलो. दोन माणसं १४५ धरा, बॅगा २५. एकूण ३६२. मागे माणूस आणि सामान असताना ६५ टक्क्यांच्या आसपास भार मागच्या चाकावर जातो, म्हणजे २३५ किलो. ६२ ला ३० किलोची मोकळीक राहते, ६१ ला २२ ची. ५६ चा टायर घेतला तर उभ्या गाडीवरच भार मर्यादेबाहेर, खड्ड्यातल्या दणक्याचं तर बोलायलाच नको. मापाने बसणारे पण कमी भाराचे टायर १५० सीसीच्या गाड्यांसाठी बनतात, दुकानात ते शेजारीच टांगलेले असतात. फक्त माप सांगून टायर मागू नका.
आणि हा भार टायरमध्ये पूर्ण हवा असतानाचा आहे. हवा कमी, तर भारही कमी.

पंपावरची_हवा
मागच्या बॅगा चाकाच्या आसाच्या मागे लटकत असतील तर ते वजन सगळं मागच्या टायरवर येतंच, वर पुढच्या चाकावरचं थोडं वजन उचलतं. हँडल हलकं वाटतं ते त्यामुळे. जड सामान खाली आणि पुढे सरकवा, टायर बदलूनही हे सुटणार नाही.

रंकाळा_संध्याकाळ
१२०/८०-१८ पक्का. नक्षी कशी बघायची? ऑफरोडसारख्या ठोकळ्यांच्या नक्षीचा एक टायर दाखवला, दिसायला भारी आहे.

भुईबावडा
ठोकळ्यांचा टायर कच्च्या वाटेसाठी. तुमचं फिरणं नव्वद टक्के डांबर आणि काँक्रीटवर. सुटे ठोकळे वळणावर वाकतात, गाडी डुलल्यासारखी होते, हायवेला गुणगुणतात, आणि ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं. मधली पट्टी सलग असलेला, बाजूंना पाणी बाहेर फेकणाऱ्या तिरक्या खाचा असलेला रोड टायर बघा. पुढच्याला खाचा मध्यापासून बाहेर जाणाऱ्या हव्यात.
आपल्याकडच्या रस्त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. गगनबावड्याच्या बाजूला पावसात जांभ्याचा तांबडा चिखल रस्त्यावर वाहून येतो. त्याचा पातळ थर डांबरावर बसला की कुठलीच नक्षी पुरत नाही, वेगच कमी करायला लागतो. जून-जुलैत करूळ आणि भुईबावडा घाटांच्या वळणांना आतल्या कडेला शेवाळ धरतं. तिथे मऊ रबराचा टायर कडक टायरपेक्षा नक्की बरा, पण जादूची अपेक्षा नको.
मऊ रबर लवकर झिजतं हे खरं. तुमच्यासारख्या वापराला मध्यम बघा: मधोमध कडक आणि बाजूंना मऊ असे दोन रबरांचे टायर काही कंपन्या करतात, तुमच्या मापात मिळाला तर तोच घ्या. हायवेने सपाट होतो तो मधला भाग, घाटात लागतात त्या बाजू.

तांबडा_पांढरा
पावसाळ्याचं सगळ्यांनी सांगितलं, गळीत हंगामाचं कोण सांगणार? दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. पडलेला ऊस चाकाखाली चिरडला की रस चिकट ऱ्हातोय तवर ठीक, पण त्यावर पहाटेचं दव पडलं आणि पाचट पसरलं की साबणासारखं होतंय. कागल, बिद्री, हातकणंगले कुठल्याबी बाजूला जावा. नवा टायर त्याच टायमाला घालणार असाल तर पहिले दोनशे किलोमीटर तिकडं फिरकूच नका.

उद्यमनगरी
त्या दोनशे किलोमीटरचं कारण सांगून ठेवतो. टायर साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर आणि नव्या रबराचा गुळगुळीत पृष्ठभाग घासून निघेपर्यंत टायर निसरडा असतो. शिवाय बीड, म्हणजे टायरची रिंगेत बसणारी कड, रिंगेवर पक्की बसायलाही थोडं चालणं लागतं. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक नको, एकदम कलणं नको. कलणं रोज थोडं थोडं वाढवा, म्हणजे बाजूही घासल्या जातील. पॉलिश पेपरने टायर घासू नका, आणि दुकानदार चकाकीसाठी जे पॉलिश फासतो ते नक्षीवर अजिबात लावू देऊ नका.

पंपावरची_हवा
विकत घेताना बघायचं ते असं.
तारखेचा कोड. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षभराचा चालेल. दोन वर्षांपेक्षा जुना, उन्हात टांगलेला असेल तर नवा म्हणून पूर्ण किंमत देऊ नका. पुढच्या-मागच्या दोन्हीचा कोड बिलावर लिहून घ्या.
आयएसआयची खूण. दुचाकीच्या टायरसाठी मानक आयएस १५६२७ आहे, ते बाजूवर छापलेलं असतं. खूण नसलेला स्वस्त आयात टायर घेऊ नका.
फिरण्याच्या दिशेचा बाण. पुढचा टायर मागे किंवा मागचा पुढे चालत नाही, त्यांच्या आतल्या थरांची घडण वेगळ्या ताणासाठी असते.
दोन्ही टायर एकाच जातीचे, म्हणजे तुमच्यासाठी दोन्ही एकमेकांवर तिरक्या थरांचे, बायस. मागे रेडियल आणि पुढे बायस अशी भेसळ नको.
किंमत विचारताना लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. छापील किंमत जुनी असेल तर भाव नवा मागा.

रंकाळा_संध्याकाळ
ट्यूबलेसचं राहिलं.

भुईबावडा
माझं मत: करून घ्या, पण नीट. स्पोकच्या प्रत्येक निपलवर (स्पोक रिंगेला धरणाऱ्या नटावर) सीलंट, वर चिकट टेपचे दोन वेढे. हायवेला खिळा गेला तर ट्यूबवाला टायर काही सेकंदात बसतो, कारण हवा स्पोकच्या भोकांतून आणि वॉल्व्हच्या भोकातून सगळीकडून पळते. ट्यूबलेसमध्ये खिळा तसाच राहून हवा हळूहळू जाते, तुम्हाला थांबायला वेळ मिळतो. मागे माणूस बसवणाऱ्याने हा विचार करावाच.

उद्यमनगरी
इथे माझं जमत नाही. हवा हळू जाते हे मान्य, पण टेप हा अर्धाच उपाय झाला. ट्यूबलेसच्या रिंगेला आत एक उंचवटा असतो, तो हवा कमी झाली तरी बीडला जागेवर धरून ठेवतो. जुन्या डब्ल्यूएम रिंगेला तो नसतो. टेप कितीही चांगली लावली तरी हवा कमी झाल्यावर बीड आत घसरू शकते, आणि मग जी हवा हळू जायची ती एका झटक्यात जाते. दुसरं, स्पोक वर्षातून एकदा तरी ताणावे लागतात. निपल फिरलं की सीलंट फाटतं. तिसरं, २०१३च्या लोखंडी रिंगेला आतून गंज नसेल असं होणारच नाही, आणि गंजावर टेप धरत नाही.

भुईबावडा
उंचवट्याचा मुद्दा मान्य. मग रिंगेचा आकार तसा नसेल तर करू नये, असं म्हणू. मात्र रिंगच बदलणार असाल तर ट्यूबलेसच घ्या. २०१८ मध्ये आलेल्या थंडरबर्ड एक्सला कारखान्यातूनच अलॉय आणि ट्यूबलेस होते, मापंही हीच, ९०/९०-१९ आणि १२०/८०-१८. त्या रिंगा मिळाल्या तर हब, डिस्क, स्पेसर आणि स्प्रॉकेटचा कॅरिअर जुळतो का ते प्रत्यक्ष लावून बघूनच पैसे द्या. जुन्या बाजारात चीर गेलेल्या अलॉयवर वेल्डिंग आणि रंग मारून विकतात, तसली फुकट दिली तरी नको.

पंपावरची_हवा
मधला मार्ग बहुतेक जण वापरतात तो म्हणजे ट्यूबलेस छापलेला टायर, आत ट्यूब. चालतो. फक्त टायरच्या आत बारीक उभ्या रेघा किंवा कागदी लेबल असेल तर काढा, ट्यूब त्यावर घासून महिन्या-दोन महिन्यांत भोक पडतं. ट्यूबलेसची बीड घट्ट असते, चढवायला जास्त जोर लागतो, तेव्हाच ट्यूबला चिमटा बसतो. ट्यूबवाला टायर मात्र ट्यूबशिवाय कधीच नाही.
आणि ट्यूबमध्ये ते हिरवं पातळ द्रव्य ओतू नका. ट्यूबमध्ये त्याचा उपयोग थोडाच होतो, चाकाचा तोल बिघडतो, आणि नंतर पॅच मारायला गेलं की ठिगळ चिकटत नाही. पंक्चरवाला शिव्या देतो.

रंकाळा_संध्याकाळ
ठरलं, ट्यूबच. बसवताना मी तिथे उभा राहणार आहे. काय बघू?

उद्यमनगरी
उभे राहाच. चांगला टायर वाया जातो तो बसवताना.
चाक काढलं की मागचा ब्रेक दाबू नका, डिस्क नसताना पॅड एकमेकांना चिकटतात. पॅडमध्ये लाकडाची चपटी काडी खुपसून ठेवा. चाक जमिनीवर डिस्कच्या बाजूने टेकवू द्यायचं नाही, डिस्क वाकते. खाली जुना टायर ठेवून त्यावर चाक आडवं.
टायर निघाल्यावर रिंग आतून बघा. गंज तारेच्या ब्रशने घासा, हात फिरवून टोकेरी काही नाही ना पाहा, गंज खोल असेल तर रंगाचा हात मारून वाळू द्या. स्पोकची टोकं निपलच्या बाहेर आली असतील तर फाइलने बसवा. रिंगेची पट्टी, म्हणजे निपलवरचा रबरी पट्टा, नवा घाला; जुना ताणलेला पट्टा सरकला की निपल ट्यूब फाडतं. स्पोकना एक-एक करून पान्ह्याने ठोका. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा टणक यायला हवा, बद्द वाजेल तो सैल. रिंग डगमगत असेल तर टायर चढवायच्या आधीच उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत) सरळ करून आणा. नंतर त्याचं खापर टायरवर फुटतं.
चाक हातात आहे तोवर बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर लागली की बदला. मागच्या हबमधले कुश रबर दाबून पाहा, चपटे झाले असतील तर बदला, चेनचा धक्का तिथे जिरतो.
ट्यूब नवीच, मापाचीच. ३.२५-१९ छापलेली पुढच्याला चालते. मागच्याला ट्यूबच्या खोक्यावर १२०/८०-१८ लिहिलेलं हवं. लहान ट्यूब जास्त ताणली जाऊन पातळ होते, मोठीला आत घड्या पडतात आणि घडीवर चिरते. ब्यूटाइल रबराची ट्यूब हवा जास्त दिवस धरते.
टायरच्या आत चॉक पावडर भुरभुरा, गोळे राहू देऊ नका. ट्यूबमध्ये किंचित हवा भरा, नुसता गोल आकार येईपर्यंत. पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हसमोर: तो टायरची सगळ्यात हलकी जागा दाखवतो, वॉल्व्हच्या वजनाने तोल साधतो. बीडला साबणाचं पाणी. ग्रीस, तेल, डिझेल काही लावलं तर तिथेच थांबवा, रबर फुगतं आणि बीड रिंगेवर फिरत राहते.
चढवायला सुरुवात वॉल्व्हच्या समोरच्या टोकाकडून, शेवट वॉल्व्हपाशी. आधी चढलेली बीड रिंगेच्या मधल्या खोलगटात गुडघ्याने दाबून ठेवली की दुसऱ्या टोकाला जागा मिळते. यासाठी फार जोर लागत असेल तर समजा की कुठेतरी बीड खोलगटात नाही. लिव्हर आणखी दाबला की ट्यूब फाटलीच. शेवटचा घास चढवण्याआधी वॉल्व्ह आत ढकलून बघा, ट्यूब बीडखाली अडकली असेल तर ती सुटते.
आता हवा ३५-४० पीएसआयपर्यंत भरा, फट् आवाज करून बीड बसेल. ४० च्या वर जाऊ देऊ नका. बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी. टायरच्या बाजूला रिंगेलगत एक बारीक रेघ असते, ती दोन्ही बाजूंना सगळीकडे सारख्या अंतरावर आली पाहिजे. एका ठिकाणी आत गेलेली असेल तर टायर वाकडा बसलाय, ताशी साठच्या पुढे हँडल थरथरेल. मग वॉल्व्ह खोलून सगळी हवा सोडायची, ट्यूबच्या घड्या सुटतात, आणि पुन्हा हवी तेवढी भरायची.

तांबडा_पांढरा
वॉल्व्हचा नट विसरलासा.

उद्यमनगरी
हो. वॉल्व्हवरचा नट रिंगेला घट्ट आवळायचा नाही, वर टोपीपाशी नेऊन ठेवायचा. ब्रेक जोरात लागला की टायर रिंगेवर थोडा सरकतो आणि ट्यूबला ओढतो. नट सैल असेल तर वॉल्व्ह तिरका झालेला दिसतो, तुम्हाला वेळेत कळतं. घट्ट असेल तर वॉल्व्ह मुळातून तुटतो.
तोलासाठी चाक आसावर मोकळं फिरवून सोडा. जड बाजू खाली येऊन थांबते. वरच्या बाजूच्या स्पोकला शिशाचं वजन लावा, चाक कुठेही थांबेल तोपर्यंत. पुढच्याला हे कराच.
परत बसवताना चेनची ढील २५ ते ३० मिमी, दोन्ही बाजूंच्या चेन ताणणाऱ्या गोगलगायीच्या आकाराच्या चकत्यांच्या खुणा सारख्या, आसाचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. निघण्याआधी ब्रेकचा पेडल चार-पाच वेळा दाबा, पॅड जागेवर येतात. पहिल्याच सिग्नलला ब्रेक नाही अशी बोंब होते ती यामुळे.

रंकाळा_संध्याकाळ
हवा किती? पंपावर सगळे ३०-३५ भरतात.

गणिती_गियर
या गाडीला एकट्याने पुढे २०, मागे ३०. मागे माणूस असेल तर पुढे २२, मागे ३२. पुढे ३० भरली तर पुढचा टायर दगड होतो, खड्ड्यात उडतो, मधोमध झिजतो. कमी भरली तर बाजू वाकून वाकून तापते. बायस टायर फाटतो तो बहुधा अशा उष्णतेनेच.
हवा थंड टायरमध्येच मोजा, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब एक ते दीड पीएसआय वाढतो. चालून आलेल्या गरम टायरची हवा "जास्त झाली" म्हणून सोडू नका, गार झाल्यावर ती कमी भरेल.
गंमत म्हणून: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे ३२ भरून मालवणला उतरलात आणि तिथे तेवढ्याच तापमानाला मोजलीत तर ३१ दिसेल. बाहेरच्या हवेचा दाब वाढलेला असतो, टायर पंक्चर नसतो.

पंपावरची_हवा
पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. पेनासारखा किंवा काटेवाला स्वतःचा गेज ठेवा, दर पंधरा दिवसांनी सकाळी मोजा. ट्यूब महिन्याला एक-दोन पीएसआय तशीही सोडते. वॉल्व्हची टोपी विसरू नका, चिखलाचा कण वॉल्व्हच्या पिनमध्ये अडकला की रात्रभरात टायर बसतो.

रंकाळा_संध्याकाळ
यादी अशी झाली: पुढे ९०/९०-१९ ५२पी किंवा वरचा, मागे १२०/८०-१८ ६२पी, दोन्ही एकाच कंपनीचे, वर्षाच्या आतला कोड. दोन ब्यूटाइल ट्यूबा, दोन रिंगपट्ट्या. मागच्या हबचे कुश रबर. मेच्या शेवटी बसवतो, म्हणजे पाऊस लागण्याआधी दोनशे किलोमीटर होतील. मागच्याला किती झिजेपर्यंत चालवू?

भुईबावडा
कायद्याने दुचाकीला ०.८ मिमी नक्षी पुरे, टीडब्ल्यूआयची, म्हणजे झीज दाखवणारी गाठ त्यासाठीच असते. पावसात तेवढी पुरत नाही. नक्षी दोन मिमीच्या खाली गेली की पावसाळ्याआधी बदला, डिसेंबरात गेली तर मे पर्यंत चालवा. खोली मोजायचा गेज दीड-दोनशे रुपयांत मिळतो, तो मधोमध लावा, बाजूला नाही. पुढच्या टायरला हात उलटसुलट फिरवून पायऱ्या लागतात का तेही बघत जा. लागल्या तर आधी फोर्कचं तेल आणि हँडलचं बेअरिंग तपासा.

तांबडा_पांढरा
यादीत एक राहिलं. जुनी पुढची ट्यूब टाकून देऊ नका. पंक्चर नसंल तर पावडर लावून गुंडाळून बॅगेत टाका. १९ ची ट्यूब अडचणीला मागच्या १८ मध्ये बसतीय, घडी पडंल पण गगनबावड्यावरनं हळूहळू कोल्हापुरापतूर याल. मागची जाड ट्यूब पुढं बसत न्हाई, म्हणून पुढचीच न्यायची. संगट तीन लिव्हर, वॉल्व्हची चावी, आणि आसाच्या नटाला बसणारा पान्हा. तो पान्हा कंपनीच्या किटमधला असंल तर घरात एकदा लावून बघा.